मांजराला अचानक धाप लागली तर: पहिला अर्धा तास आणि त्यानंतरचं

कुत्रा उन्हातून आला की जीभ बाहेर काढून हॅ-हॅ करतो, त्यात काळजीचं काही नसतं. मांजराचं तसं नाही. तोंड उघडं, जीभ दिसतेय आणि पोट भात्यासारखं चाललंय, असं मांजर दिसलं तर 'नागपूरचं ऊन आहे, बसेल थोड्या वेळानं' म्हणून सोडून देऊ नका. अपवाद एवढाच की जोरात खेळून झाल्यावर किंवा ऑटोत घाबरून मांजर मिनिट-दोन मिनिटं तोंडानं श्वास घेऊ शकतं. पण शांत जागी ठेवल्यावर पाच मिनिटांत तोंड मिटलं पाहिजे.

मांजर आजार लपवण्यात पटाईत असतं. छातीत पाणी भरत असलं तरी ते आठवडाभर फक्त जरा कमी खातं, पलंगाखाली जाऊन बसतं, फ्रीजवर उडी मारायचं टाळतं. आपल्याला जे 'अचानक' वाटतं, ते पुष्कळदा त्याची ताकद संपल्याची वेळ असते. अशा वेळी त्याला कमीत कमी हात लावायचा आणि लवकरात लवकर ऑक्सिजनपर्यंत पोचवायचं.

हात लावायच्या आधी मोजा

मांजर बसलंय तिथंच राहू द्या. चार-पाच फुटांवर जमिनीवर बसा, मोबाइलवर ३० सेकंदांचा टायमर लावा आणि बरगड्यांमागची कूस बघा. कूस वर येऊन खाली गेली की एक श्वास. जितके मोजले त्याची दुप्पट करा. निवांत झोपलेल्या निरोगी मांजराचा आकडा मिनिटाला १५ ते ३० येतो. मांजर घुरघुरत असेल तेव्हा मोजू नका, आणि झोपेत मिशा-पंजे थरथरत असतील तेव्हाही नको. दोन्ही वेळा आकडा फसवतो. झोपेतला आकडा वारंवार ३० च्या वर जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शांत बसलेलं असताना ४० च्या वर असेल तर थेट कॅरियर काढा.

आकड्याइतकीच बसण्याची ढब बोलते. श्वास पुरत नसलेलं मांजर पोटावर बसतं, पुढचे कोपर अंगापासून बाहेर काढतं, मान पुढं ताणून हनुवटी थोडी वर धरतं. एका कुशीवर लवंडायला गेलं की लगेच परत उठून बसतं, कारण आडवं झालं की जास्त गुदमरतं. नाकपुड्या फुललेल्या असतात. कधी छाती फुगताना पोट आत ओढलं जातं, म्हणजे दोघांची लय उलटी पडते. हे दिसलं की मोजणं सोडा.

हिरड्यांचा रंग बघायचा तो एकदाच, वरचा ओठ हलकेच उचलून, पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली सगळंच बरं दिसतं. हिरड्या काळ्या असतील तर जीभ बघा. गुलाबी ठीक. निळसर, राखाडी किंवा कागदासारखी पांढरी असेल तर एक मिनिटही घालवू नका. ओठ उचलू देत नसेल तर झटापट करू नका. झटापटीत खर्च होणारा श्वास त्याच्याकडे शिल्लक नसतो.

यात कुणीतरी दुसऱ्यानं २०-३० सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवावा. चेहरा आणि कूस दोन्ही चौकटीत यायला हवेत, आणि आवाज बंद करू नका. दवाखान्याच्या टेबलावर मांजर भीतीनं वेगळंच वागतं, खोकला तर हमखास थांबतो. डॉक्टरांना त्या व्हिडिओतून दहा प्रश्नांची उत्तरं मिळतात.

आणखी एक खूण मुद्दाम वेगळी सांगायची. धापेसोबत मांजर जोरजोरात ओरडतंय, मागचे पाय फरपटतंय आणि मागचे पंजे पुढच्यांपेक्षा गार लागतायत, तर ती पाठीची दुखापत समजून तेल चोळत बसू नका. हृदयात झालेली रक्ताची गुठळी महाधमनीत, मागच्या पायांकडं रक्त जातं त्या फाट्यावर, अडकली की असं होतं. पायांचं रक्त बंद पडतं आणि वेदना भयंकर असतात.

घरातलं काहीही देऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मदत करण्याच्या घाईत. धापेत चमच्यानं पाणी, दूध, मध, हळदीचं पाणी पाजलं की त्यातलं थोडं फुप्फुसात जातं. जो श्वास घेऊ शकत नाही तो गिळूही शकत नाही.

क्रोसिन, डोलो किंवा पॅरासिटामॉल असलेलं कुठलंही औषध मांजरासाठी विष आहे. हे औषध पचवायला लागणारं विकर मांजराच्या यकृतात फारच कमी असतं. किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनंही विषबाधा झाल्याची नोंद आहे. ४ किलोच्या मांजराला ५०० ची एक गोळी दिली तर मात्रा किलोमागे १२५ होते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि धाप लागते. म्हणजे धाप लागली म्हणून गोळी दिली, तर गोळीनं धाप वाढते. आधीच दिली गेली असेल तर लपवू नका. किती वाजता आणि किती दिली, ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोगाचा.

विक्स, झंडू बाम, निलगिरीचं तेल, कापूर यांपैकी काहीही छातीला चोळू नका. मांजर ते चाटणार, आणि कापूर-मेंथॉल त्याला चालत नाही. मेडिकल दुकानातून आणलेलं स्टेरॉइड परस्पर देणं तर जुगारच आहे. दमा असेल तर त्यानं बरं वाटेल, पण दुखणं हृदयाचं असेल तर स्टेरॉइडनंच छातीत पाणी भरू शकतं. तेच सलाईनचं. 'अशक्त झालंय, एक बाटली लावा ना डॉक्टर' हा आग्रह आपल्याकडे फार. हृदय निकामी होत असलेल्या मांजराला सलाईन म्हणजे बुडत्याच्या तोंडात आणखी पाणी.

न्यायचं कसं

मांडीवर उताणं घेऊ नका, चादरीत घट्ट गुंडाळू नका, बाजाराच्या पिशवीत तर मुळीच नको. वरून झाकण उघडणारं कॅरियर उत्तम, कारण मांजराला ओढून आत कोंबावं लागत नाही. कॅरियर नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर पालथे घालून चारही कोपऱ्यांत सुतळी बांधा. हवा सगळीकडून खेळते. आत त्याच्या रोजच्या वापरातला टॉवेल घाला. वरून पातळ सुती ओढणी, तीनच बाजूंनी. चौथी बाजू हवेसाठी उघडी.

मे महिन्यात, तोही नवतपा (मेअखेरचे सर्वात तापते नऊ दिवस) सुरू असताना, दुपारी स्कूटीवर न्यायचं नाही. ऑटोत नेलंत तर गरम वारा थेट अंगावर येतो, म्हणून मिळाली तर एसी गाडी बोलवा. गाडी उन्हात उभी असेल तर दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, दोन मिनिटं एसी चालवा, मग मांजर आत ठेवा. कॅरियर सीटवर सपाट राहील असं मागं बसलेल्यानं धरावं. रस्त्यात झाकण उघडून कुरवाळत बसू नका.

निघताना फोन करा, आणि तीनच गोष्टी विचारा: ऑक्सिजन आहे का, एक्स-रे तिथंच होतो का, आणि मांजर हाताळणारे डॉक्टर आत्ता जागेवर आहेत का. ऑक्सिजन नसेल तर जवळचा दवाखाना सोडून पुढच्याला फोन लावा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं. तिथं जनावरांचं मोठं चिकित्सालय आहे. पण मानेवाडा-वाठोड्याकडून ते शहराचं दुसरं टोक, बर्डीची गर्दी ओलांडून जावं लागतं, आणि रात्री-सुट्टीला कोण असेल ते आधी विचारलेलं बरं. घरात मांजर असेल तर हे फोन आजच, सगळं ठीक असताना करून ठेवावेत. एक नंबर दिवसाचा, एक रात्रीचा, आणि दोन्ही फ्रीजवर चिकटवलेले.

दवाखान्यात काय होतं, काय होऊ देऊ नये

चांगला डॉक्टर आधी मांजराला ऑक्सिजनच्या पेटीत किंवा नाकाजवळ नळी धरून शांत बसू देतो. तपासणी तुकड्या-तुकड्यानं होते. घाबरलेल्या मांजराला हलकं गुंगीचं इंजेक्शनही देतात. त्याला घाबरू नका, भीती कमी झाली की श्वासाची गरजही कमी होते. 'काहीच करत नाहीयेत, नुसतं पेटीत ठेवलंय' असं वाटून घाई करू नका, ती पेटी हाच उपचार चालू आहे.

धोक्याची गोष्ट म्हणजे आल्या-आल्या एक्स-रे. धापेतल्या मांजराला त्यासाठी कुशीवर किंवा पाठीवर दाबून धरलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं. 'आधी स्थिर करून मग फोटो काढायचा ना?' एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. छातीवर सोनोग्राफीचा प्रोब बसल्या-बसल्या ठेवता येतो आणि फुप्फुसांभोवती पाणी आहे का ते दोन मिनिटांत कळतं. पाणी असेल तर बरगड्यांमधून बारीक सुई घालून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण पाणी निघालं की बऱ्याचदा मांजराचा श्वास टेबलावरच सैल पडलेला दिसतो. काढलेलं पाणी तपासायला पाठवाच. पातळ आणि स्वच्छ असेल तर संशय हृदयावर जातो, पिवळं चिकट असेल तर एफआयपी या मांजरांच्या विषाणूजन्य आजारावर, दुधासारखं असेल तर लसिकेच्या नळीवर, आणि घाण वासाचा पू असेल तर छातीत जंतुसंसर्ग आहे. तुम्ही सोबत व्हिडिओ, मोजलेला आकडा आणि गेल्या आठ दिवसांतला खाण्या-पिण्याचा फरक नेलात तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

केसांचा गोळा की दमा?

ही चूक घरोघरी होते. गोळा काढणारं मांजर उठून उभं राहतं, पोट ढवळून काढतं, दोन-चार पावलं मागं सरकतं आणि शेवटी ओला, सुरळीसारखा केसांचा गुंडाळा बाहेर पडतो. दम्याचं मांजर उलट जमिनीला चिकटतं. पाय अंगाखाली, पाठ सपाट, मान फरशीला समांतर लांब केलेली, आणि खक्-खक्-खक् असा कोरडा खोकला दहा-वीस सेकंद. शेवटी काही पडत नाही. एकदा गिळतं, ओठ चाटतं आणि काही झालंच नाही असं निघून जातं. महिन्यातून दोनदा असं होत असेल आणि गोळा कधीच दिसला नसेल, तर गोळ्याची पेस्ट बंद करा आणि छातीचा फोटो काढा.

हृदयाचं दुखणं मात्र मांजरात सहसा खोकत नाही. कुत्र्याचं हृदय थकलं की तो खोकतो, मांजर फक्त जलद आणि उथळ श्वास घेतं. म्हणून 'खोकला नाही, म्हणजे छाती साफ' हा हिशेब चुकतो.

बाकी कारणं थोडक्यात. कबुतरामागं झेपावून गॅलरीतून पडलेलं मांजर वरून धडधाकट दिसतं, पण फुप्फुसाबाहेर हवा साठत जाते किंवा छाती आणि पोटामधला पडदा फाटलेला असतो. पडल्यावर २४ तास श्वास मोजत राहा, आणि गॅलरीला जाळी आजच लावा. पिसवांनी भरलेल्या पिलाच्या हिरड्या पांढऱ्या असतील तर दोष फुप्फुसाचा नसून रक्ताचा असतो. पावसाळ्यात मांजर लटपटतंय, पापण्या जड, डोळ्यांची बाहुली मोठी आणि श्वास क्षीण, असं दिसलं तर मण्यार किंवा नाग चावल्याचा संशय धरा, जखम दिसली नाही तरी. नाक चोंदून, डोळे पाणावून, शिंका देत तोंडानं श्वास घेणारं मांजर बहुधा सर्दीचं असतं. त्याला कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं नाक पुसून द्या, खाणं थोडं गरम करून द्या म्हणजे वास येतो. पण दोन दिवस काही खाल्लं नाही तर थांबू नका; उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

ऊन लागलं असेल तर

मांजराचं अंग ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअसमध्ये असतं. ४० च्या वर गेलं, लाळ गळतेय, डुलतंय, तोंड उघडं आहे, तर निघायच्या आधीच गार करायला लागा. इथं एक नागपुरी खाच आहे: दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचं नळाला येणारं पाणी हातही धरू देत नाही. ते मांजरावर ओतू नका. माठातलं पाणी गंजात काढा. ते गार असतं, पण बर्फासारखं नाही, नेमकं हवं तसं. पोट, काखा आणि पंजे कातडीपर्यंत भिजवा, नुसते वरचे केस ओले करून उपयोग नाही. मग पंख्याखाली धरा. बर्फ लावू नका, ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका. बर्फानं कातडीच्या शिरा आकसतात आणि टॉवेल दोन मिनिटांत गरम होऊन कांबळं बनतो. थर्मामीटर ३९.५ दाखवू लागलं की भिजवणं थांबवा, नाहीतर अंग जास्तच गार पडतं. ठीक दिसलं तरी दवाखान्यात न्या.

श्वास थांबलाच तर

घशात काही अडकलं असेल तर मांजर पंज्यानं तोंड ओरबाडतं. वस्तू दिसत असेल तरच चिमट्यानं काढा. आत बोटं घालून आणखी खोल ढकलू नका. दोरा दिसला तर ओढायचा नाही, त्याच्या दुसऱ्या टोकाला सुई असू शकते किंवा तो आतड्यात गुंतलेला असू शकतो.

बेशुद्ध आणि श्वास नाही, असं झालं तर उजव्या कुशीवर कडक जमिनीवर ठेवा. एका हातानं छाती अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरा, कोपरामागच्या भागावर, आणि छातीची जाडी एक-तृतीयांश ते निम्म्यानं कमी होईल इतकं दाबा. वेग मिनिटाला १०० ते १२०. ३० वेळा दाबून झालं की तोंड बंद धरून नाकातून दोन छोटे श्वास, छाती उठलेली दिसेल एवढेच. पुन्हा ३०. एकानं हे करत राहावं, दुसऱ्यानं गाडी काढावी.

घरी आल्यावर

दम्याच्या मांजराला बहुतेक वेळा रोजचा इनहेलर लागतो, चेहऱ्याला बसेल असा छोटा मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून. पंप आधी हलवून स्पेसरमध्ये दाबा, मग मास्क नाकावर धरा आणि ७ ते १० श्वास मोजा. रोजच्या स्टेरॉइड पंपाचा पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका. झटका आल्यावरचा पंप वेगळा असतो. दोघांवर रंगीत टेप चिकटवून ठेवा, रात्री तीन वाजता नावं वाचली जात नाहीत. सवय लावताना पहिले तीन-चार दिवस औषधाशिवाय नुसता मास्क दाखवायचा, वास घेऊ द्यायचा, लगेच आवडीचा खाऊ द्यायचा.

हृदयाच्या मांजराची लघवीची गोळी 'आता बरं आहे' म्हणून थांबवली की पाणी परत भरतं. त्याच्या झोपेतले श्वास रोज एकाच वेळी मोजा. उन्हाळ्यात पहाटे मोजा, कारण दुपारच्या उकाड्यात निरोगी मांजराचाही आकडा वर जातो. कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकटीतच आकडा लिहा. २२, २४, २३ असं चाललेलं असताना २९, ३३ दिसलं की धाप लागायची वाट न बघता फोन करायचा.

घरातला धूर आणि धूळ दम्याला चिथावते. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल मांजराच्या खोलीत नको, मिरचीच्या फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावा, लिटर (शी-शूच्या ट्रेमधली वाळू) धूळ न उडणारं घ्या. आणि कूलर. ताट्यांमधलं जुनं गवत पावसाळाभर कुबट होऊन पडतं आणि मार्चमध्ये तसंच सुरू केलं की बुरशीची भुकटी थेट खोलीत येते. गवत दरवर्षी बदला, टाकीचं पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून तळ घासा, आणि हंगामातला पहिला अर्धा तास कूलर मांजर दुसऱ्या खोलीत ठेवून, खिडक्या उघड्या टाकून चालवा.